लघुलहरींवरून अक्षर आणि चित्र

गोंदिया हा तलावांचा आणि भातशेतीचा जिल्हा आहे. वैनगंगा व बाघ नद्यांच्या काठची गावे, तसेच सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील वनव्याप्त वस्त्या यांना पावसाळ्यात विशेष जागरूक राहावे लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या वैनगंगेच्या महापुराचा फटका भंडारा जिल्ह्याबरोबर गोंदियालाही बसला. अशा प्रसंगी वीज गेली, भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडले, तर मदतीचा संदेश बाहेर कसा पोहोचवावा, याचा विचार संकटापूर्वीच झाला पाहिजे. लघुलहरींवरून अक्षरे व चित्रे पाठविण्याची पद्धत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

लघुलहरींचे सामर्थ्य

३ ते ३० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील रेडिओलहरी वातावरणाच्या वरच्या थरातून, म्हणजे आयनांबरातून, वळून पुन्हा पृथ्वीवर येतात. म्हणूनच त्यांना मधल्या मनोऱ्यांची गरज नसते. योग्य कंप्रता निवडून आकाशक जमिनीपासून फार उंच न बांधल्यास लहरी जवळजवळ सरळ वर जातात व काहीशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. डोंगर वा जंगल त्यांच्या आड येत नाही. सप्टेंबर १९९३ मधील किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास हातभार लावला होता.

तथापि, खरखरीत आवाजात ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील फरक हरवतो. सात पोती तांदूळ की साठ, हा पूरग्रस्त गावाच्या दृष्टीने लहान प्रश्न नव्हे. येथे लिखित संदेशाचे महत्त्व पटते.

सुरांतून अक्षरे

आपल्या देशातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर किम अँड्र्यू इलियट यांनी ‘रेडिओग्राम’ हा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. २०१७ पासून तो ‘शॉर्टवेव्ह रेडिओग्राम’ या नावाने स्वतंत्रपणे प्रसारित होऊ लागला. नेहमीच्या प्रक्षेपकावरून अक्षरे व चित्रे ध्वनीच्या रूपाने पाठवावयाची, अशी त्याची रीत.

या कार्यक्रमात मुख्यतः ‘एमएफएसके-३२’ ही पद्धत वापरली जाते. तीत १६ वेगवेगळे सूर असून दर सेकंदास सुमारे ३१ सूर एकामागून एक वाजतात. कानाला ती केवळ किणकिण वाटते. संगणक मात्र प्रत्येक सूर ओळखून त्याचे अक्षरांत रूपांतर करतो. एका अक्षराची माहिती अनेक सुरांत विखुरलेली असल्याने एखादा सूर बुडाला तरी बाकीच्यांवरून अक्षर सावरता येते. इंग्रजी मजकूर मिनिटास सुमारे १२० शब्द या गतीने उतरतो. चित्र ओळीओळीने उमटते व त्यास काही मिनिटे लागतात. चित्राला ही दुरुस्तीची सोय नसल्याने खरखर झाली की त्यावर रेघा उमटतात.

मराठी मजकुराचा प्रश्न

संगणकात साधे इंग्रजी अक्षर १ बाइटचे, तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सामान्यतः ३ बाइटचे असते. काना, मात्रा व वेलांटी हीही स्वतंत्र चिन्हे होत. त्यामुळे मराठी संदेशास तिपटीहून अधिक वेळ लागतो आणि चुकीला वावही वाढतो. यावर उपाय म्हणजे संदेश थोडक्यात लिहिणे. गाव, वेळ, संख्या व मागणी एवढेच त्यात असावे. संख्या अंकी व अक्षरी दोन्ही प्रकारे द्यावी आणि स्वीकारणाऱ्याने ती उलट कळवून खातरजमा करावी. दुरुस्तीची सोय असली तरी चुकीचा अंक बरोबर अंकासारखाच दिसतो, हे विसरू नये.

शाळांतून प्रारंभ

प्रयोगासाठी लघुलहरींचा रेडिओ, संगणक आणि ‘एफएलडिजी’सारखी विनामूल्य आज्ञावली एवढे साहित्य पुरते. रेडिओ संगणकाच्या ध्वनिग्राहकाजवळ ठेवावा किंवा तारेने जोडावा. पडद्यावर सुरांचे पट्टे दिसू लागले की योग्य पट्टा निवडावा; अक्षरे उमटू लागतात. घराजवळील विजेच्या उपकरणांमुळे खरखर वाढते, म्हणून आकाशक त्यांच्यापासून दूर, मोकळ्या जागी बांधावा. आयनांबराची स्थिती तासागणिक पालटते, तेव्हा पहिल्या अपयशाने खचून जाऊ नये.

सर्वसाधारण प्रसारणे ऐकण्यास परवाना लागत नाही. संदेश पाठविण्यासाठी मात्र केंद्र शासनाची हौशी रेडिओची परीक्षा व परवाना आवश्यक आहे. इतरांचे खासगी वा शासकीय संदेश उलगडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्राचा पाठ म्हणून हा प्रयोग होऊ शकतो. त्यातून पुढे प्रत्येक तालुक्यात दोन-चार परवानाधारक तयार झाले, बॅटरीवर चालणारा संच सज्ज राहिला आणि पावसाळ्यापूर्वी तालुका व जिल्हा यांच्यात संदेशांची एकदा रंगीत तालीम झाली, तर महापुराच्या रात्री गावाची मागणी नेमक्या शब्दांत व नेमक्या आकड्यांत जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचू शकेल.