बाटलीतला अर्क आणि पेल्यातली कॉफी

माटुंग्यातल्या तमिळ घरांत फिल्टरमधून उतरलेलं पहिलं डिकॉक्शन कुणी तसंच पीत नाही. फिल्टरच्या वरच्या भांड्यात कॉफीची पूड, तिच्यावर दाबायची चकती, वरून उकळतं पाणी आणि झाकण. खालच्या भांड्यात थेंब थेंब साठायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मग पेल्यात साखर, तीवर थोडंसं डिकॉक्शन आणि वरून वाफाळतं दूध. घरातली मुलं हे प्रमाण बघूनच शिकतात. त्यांच्या लेखी डिकॉक्शन ही कॉफी नसते, ज्यापासून कॉफी करायची ती वस्तू असते.

अशा दाट अर्काची, म्हणजे कॉन्सन्ट्रेटची, बाटली विकायला आली, पण हे शिक्षण तिच्याबरोबर आलं नाही. मुंबई-पुण्यात आज कोल्ड ब्रूच्या, म्हणजे पूड गार पाण्यात भिजवून काढलेल्या कॉफीच्या, बाटल्या आणि तयार डिकॉक्शनच्या पिशव्या किराणा दुकानातही दिसतात. सोय खरीच मोठी आहे. सकाळच्या घाईत अर्क ओतला, दूध घातलं की काम झालं. प्रश्न येतो तो किती ओतायचा इथे.

माझा भाचा परीक्षेसाठी ठाण्याला मावशीकडे राहायला गेला होता. फ्रिजमध्ये कोल्ड ब्रूची बाटली होती. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत कॉफीचं नाव. एक भाग अर्काला चार भाग दूध किंवा पाणी, ही सूचना मागे, भिंगाने वाचावी इतक्या बारीक अक्षरांत. रात्री दहाच्या सुमाराला त्याने मोठा ग्लास भरला, बर्फ टाकला आणि अभ्यास करता करता संपवला. मध्यरात्र उलटल्यावर छातीत धडधडायला लागलं, हात थरथरू लागले, मळमळ सुरू झाली. मावशीने घाबरून त्याला दवाखान्यात नेलं. ईसीजी सुदैवाने ठीक निघाला. डॉक्टरांनी संध्याकाळपासून काय काय प्यायलास ते विचारलं आणि चहा-कॉफी काही दिवस बंद करायला सांगितली. दुसऱ्या दिवशीचा पेपर त्याने जागरणाच्या डोळ्यांनी दिला.

हे कसं झालं, ते साध्या हिशोबाने कळतं. अरेबिका कॉफीच्या बीत वजनाच्या साधारण १.२ टक्के कॅफिन असतं, रोबस्टामध्ये जवळजवळ दुप्पट. घरी कोल्ड ब्रूचा दाट अर्क करताना १०० ग्रॅम पुडीला अर्धा लिटर पाणी घेतात. त्या १०० ग्रॅम अरेबिकात सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅफिन असतं. ते सगळं पाण्यात उतरलं असं धरलं, तर १०० मिलिलिटर अर्कात २४० मिलिग्रॅम होतं. म्हणजे २०० मिलिलिटरचा ग्लास नुसता प्यायला, तर ४८० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात थोडं कमी उतरत असेल, पण रोबस्टा असेल तर आकडा याच्याही बराच पुढे जातो.

युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली दिलेली मर्यादा याच्या शेजारी ठेवून पाहा. निरोगी प्रौढ माणसाने एका वेळी २०० मिलिग्रॅम आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घ्यायला हरकत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी दिवसभराची मर्यादाच २०० आहे. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, गरोदरपणात त्याहून बरेच जास्त. रात्री दहाला घेतलेल्या ग्लासातलं निम्मं कॅफिन पहाटे तीनलाही अंगात असतं.

आता कॉफीच्या पुडीत मिसळतात त्या चिकोरीकडे वळू, कारण आपल्याकडचे बरेच घोटाळे तिथे होतात. भारतीय नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोघींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. चिकोरीत कॅफिन नसतं. साहजिकच ६०:४० मिश्रणाच्या डिकॉक्शनची ज्यांना सवय आहे, त्यांनी तेवढ्याच मापाने निव्वळ कॉफीचा अर्क घेतला, तर कॅफिन बरंच वाढतं. शिवाय फिल्टरसाठी बारीक दळलेली चिकोरीवाली पूड कोल्ड ब्रूला वापरू नये. ती फडक्यातून खाली उतरते, गाळ होतो आणि गाळणं तुंबतं. त्यासाठी रव्यासारखी जाडसर दळलेली निव्वळ कॉफी हवी.

बाटलीतली कॉफी काही आजची नाही. ग्लासगोच्या पॅटरसन अँड सन्स कंपनीची ‘कॅम्प कॉफी’ १८७६ सालची. लेबलावर तंबूपुढे बसलेला गॉर्डन हायलँडर पलटणीचा स्कॉटिश सैनिक आणि तबक घेऊन उभा असलेला शीख नोकर होता. त्या अर्कात चिकोरी कॉफीपेक्षा कितीतरी जास्त आणि साखर भरपूर. आजही काही बाटल्यांत साखर आधीच मिसळलेली असते. घरात मधुमेहाचं माणूस असेल, तर घटकांची यादी आणि १०० मिलिलिटरमागे साखर किती, हे दोन्ही दुकानातच वाचावं. घरी आणून वाचण्यात अर्थ नाही, कारण तोवर पहिला कप झालेला असतो.

घरी केलेला अर्क टिकवण्याबाबत मात्र मी फार कडक आहे. फिल्टर कॉफीला उकळतं पाणी लागतं. कोल्ड ब्रूमध्ये उकळण्याची पायरीच नाही, त्यामुळे पाण्यातले किंवा बरणीतले जंतू मरत नाहीत. पाणी आधी उकळून गार करावं, बरणी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी आणि भिजवण्याचे सोळा-अठरा तास ती फ्रिजमध्येच ठेवावी. मे महिन्यात ओट्यावर ठेवलेली बरणी मी तरी पिणार नाही. गाळलेला अर्क फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवता येतो. फिल्टरचं डिकॉक्शन दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवलेलं बरं, त्यानंतर त्याचा वास उतरतो.

अर्क बाटलीत गच्च बंद करून बाहेरच्या कपाटात साठवण्याची कल्पना तर सोडूनच द्यावी. कॉफीचा सामू (पीएच) पाचच्या आसपास असतो. ४.६ च्या वरच्या सामूत, हवा नसलेल्या बंद डब्यात बॉट्युलिझमचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कंपनीने डबाबंद कॉफी याच भीतीपोटी परत मागवली. कुणी आजारी पडल्याचं तेव्हा कळलेलं नव्हतं, तरी माल मागे घेतला गेला. कारखान्याला ही काळजी घ्यावी लागते, तर स्वयंपाकघरात बाटल्या भरून महिनाभर ठेवायचं धाडस कशाला?

करायचं कसं, तर मापाने. वर सांगितलेल्या घरगुती अर्काचे ६० मिलिलिटर एका कपाला पुरतात. त्यात फार तर १४५ मिलिग्रॅम कॅफिन येतं. वर दुप्पट-तिप्पट पाणी किंवा दूध घालावं. बर्फाची कॉफी करायची तर बर्फ वितळून होणारं पाणीही त्यातच धरावं, नाहीतर शेवटचे घोट पाणचट लागतात आणि पुढच्या वेळी हात आपोआप अर्क जास्त ओततो. विकतच्या बाटलीला हे माप लावू नये, तिच्यावर छापलेलंच प्रमाण पाळावं. औषधाबरोबर येणारं मापाचं झाकण नीट धुऊन बाटलीजवळ ठेवलं, तर अंदाजाने ओतण्याची वेळ येत नाही.

गरम कॉफीसाठी अर्क उकळू नये, कडू होतो. दूध ताजं घ्यावं. उतरणीला लागलेलं दूध कॉफीच्या आम्लतेने फाटतं आणि दोष उगाच अर्काला जातो. आपल्याकडची जायफळाची कॉफी अर्कानेही सुरेख होते. साखर आणि किंचित जायफळ दुधात उकळायचं, गॅस बंद करायचा आणि मग अर्क घालायचा. जायफळ मात्र खरोखर चिमूटभरच, कारण जास्त झालं तर तेही बाधतं.

उरलेला अर्क बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवता येतो. ट्रेचा एक कप्पा किती मिलिलिटरचा आहे ते एकदा पाणी भरून मोजावं आणि बाटलीच्या चिठ्ठीवर तारखेबरोबर तेही लिहावं. ‘पातळ करून प्या’ हे शब्द त्याच चिठ्ठीवर, लांबून वाचता येतील एवढे मोठे लिहावेत आणि ती पुढच्या बाजूला चिकटवावी.