शिर्डी पदयात्रा : घाट चढण्यापूर्वी पायांची तयारी

श्रीरामनवमीच्या उत्सवासाठी मुंबई-ठाणे परिसरातून शिर्डीस निघालेल्या पालख्या महामार्गाने आसनगाव-शहापूर येथे पोहोचतात, तेव्हा भाविकांच्या पायांखालून बरीच वाट गेलेली असते. पुढे आटगाव, खर्डी, कसारा आणि त्यानंतर थळ घाट. कसारा ते इगतपुरी हा चढ सुमारे ३०० मीटरचा आहे. घाटमाथ्यावरून घोटी, सिन्नरमार्गे शिर्डी गाठावयाची असते.

श्रद्धा दृढ असली तरी पायांना सराव लागतोच. यात्रेपूर्वी किमान सहा ते आठ आठवडे चालण्यास आरंभ करावा. प्रथम रोज चार-पाच किलोमीटर, मग हळूहळू वाढ. शेवटच्या पंधरवड्यापूर्वी लागोपाठ दोन दिवस पंधरा-वीस किलोमीटर चालून पाहावे. पहिल्या दिवशी सर्वच जण चालतात. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी, ठणकणाऱ्या पायांवर पुन्हा उभे राहताना होते.

यात्रेसाठी हौसेने घेतलेली नवी पादत्राणेच बहुधा पहिला फोड आणतात. दिवसभराच्या चालण्याने पाय सुजतात, म्हणून पादत्राण किंचित सैल व महिनाभर वापरलेले असावे. अनवाणी चालण्याचा नवस असल्यास भर दुपारच्या डांबरी रस्त्याचा विचार आधीच करावा. फोड आल्यास त्यावरील कातडी सोलू नये. जागा स्वच्छ करून पट्टी बांधावी. मधुमेही भाविकांच्या तळव्यांची संवेदना मंदावलेली असू शकते. त्यांनी अनवाणी चालू नये, गरम पाण्यात पाय बुडवू नयेत आणि मुक्कामी तळवे दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

चाल पहाटे व सायंकाळी ठेवून दुपारी सावलीत विसावा घ्यावा. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पेय जवळ असावे. कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापले वा भोवळ आली, तर त्यास सावलीत नेऊन ओल्या कपड्याने अंग पुसावे व तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंधारात चालताना चमकणारी पट्टी लावावी आणि समोरील वाहने दिसतील अशी कडा धरावी. २०२५ मध्ये संपूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग पायी चालणाऱ्यांसाठी नाही.

घाटापूर्वी प्रत्येकाने आपल्या प्रकृतीचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. आसनगाव ते कसारा या टप्प्यात उपनगरी रेल्वेची स्थानके जवळ आहेत. कसाऱ्यापुढे लोकल जात नाही. छातीत दुखणे, ताप किंवा चिघळलेला पाय असता संकोचापोटी घाट चढू नये. मागे फिरणाऱ्यास ‘नवस मोडला’ असे हिणवणे सहयात्रींना शोभत नाही. अशा भाविकास एकटे न सोडता पथकातील एकाने त्याच्यासोबत स्थानकापर्यंत जावे आणि घरी दूरध्वनी करून गाडीची वेळ कळवावी.