वाफ्याच्या पाठीला काय लावाल?

माझगावात बाग म्हणजे कंपाउंडच्या कडेची चार फुटांची पट्टी. वर हातभर माती, खाली डेब्रिज. आमच्या सोसायटीतला वाफा दक्षिणेकडच्या कमरेएवढ्या भिंतीला लागून आहे. पलीकडच्या गोदामाचे गंजके पत्रे झाकायला मागे काहीतरी उंच हवं, असं कमिटीत ठरलं आणि नर्सरीवाल्याच्या शब्दावर पिवळा बांबू आला. ‘झटपट वाढतो, बघावं लागत नाही.’ दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

पत्रे झाकले गेले. पण हिवाळ्यात शेवंती आणि झेंडू उजेडाकडे वाकून उभे; देठ लांबच लांब, कळ्या नावाला. खुरपं घालावं तर दोन बोटांवर मुळांचं जाळं. फुलझाडांना घातलेलं खत बांबूच खायचा. शेवटी माळीदादांनी पहारीने बेट उपटलं, तेव्हा भिंतीचं प्लास्टरही सोबत आलं.

म्हणून झाड निवडण्याआधी दिशा बघा. मुंबईत फुलांचा खरा हंगाम थंडीचा आणि नेमका तेव्हाच सूर्य दक्षिणेला कललेला असतो. डिसेंबरात ऐन दुपारीसुद्धा सहा फुटी झाडाची सावली उत्तरेला साडेपाच फूट पडते, म्हणजे अख्खा वाफा झाकला. पाठ उत्तरेला असेल तर हवं तितकं उंच लावा. दक्षिणेलाच असेल तर विरळ आणि छाटता येईल असंच.

मग जमिनीखाली काय आहे ते. भंडारवाडा टेकडीवरचं जोसेफ बाप्टिस्टा उद्यान पाण्याच्या टाकीवर वसलेलं आहे. तुमच्या वाफ्याखालूनही पाण्याची लाइन किंवा गटार गेलेलं असू शकतं, प्लंबरला आधी विचारा, नर्सरीवाल्याला नंतर.

आमच्याकडे आता कर्दळ आहे. चार-पाच फूट होते, उन्हात भरपूर फुलते, फक्त पाणी आणि शेणखत सढळ हाताने लागतं. फुलून झालेला दांडा जमिनीलगत कापायचा, तो पुन्हा फुलत नाही. शेजारून नवा कोंब येतो. त्यामुळे दाटी किती ठेवायची ते आपल्या हातात राहतं. पावसाळ्यात पानं गुंडाळणारी अळी येते. तशी पानं दिसली की काढून टाका. कोपऱ्यातल्या अर्धवट उन्हात सोनटक्का आहे. पावसाळ्यात संध्याकाळी जिन्यापर्यंत वास येतो, मात्र उन्हाळ्यात तो पार रया गेल्यासारखा दिसतो. पिवळ्या कण्हेरीचं नाव कमिटीत निघालं होतं. सोसायटीत लहान मुलं आहेत आणि ते झाड मुळापासून बियांपर्यंत विषारी, त्यामुळे मी ते साफ फेटाळलं.

आणि कर्दळीचे कंद विकत कशाला घ्यायचे? बेट दाटलं की उपटून वेगळं करावंच लागतं, जास्तीच्या कंदांचं करायचं काय हा ज्याच्या त्याच्या पुढचा प्रश्न असतो. मे संपताना कुणाकडेही मागा, पिशवी भरून मिळेल.