पाहुण्याचे ताट



आपल्या मुलाचा बेने इस्रायल समाजाचा मित्र घरी जेवायला येणार असेल, तर काय वाढावे? कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला हा यहुदी समाज आपल्यासारखाच मराठी बोलतो. पण त्याचे ताट लेवीय ११ प्रमाणे असते. डुकराचे मांस वर्ज्य. मासा पंख व खवले असलेलाच. म्हणून रावस चालतो, कोळंबी, चिंबोरी व मुशी चालत नाही. मटण-कोंबडी त्यांच्या विधीने कापलेली लागते. मांसाबरोबर दूध, दही, तूप चालत नाही. त्यांच्या कालवणात नारळाचे दूध असते. काही घरी भांड्यांचाही नियम कडक असतो. म्हणून आधी त्याच्या आईला विचारावे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ; तेव्हा बोलावणे रविवारी करावे.

ही बंधने आपल्यावर नाहीत. मग “थोडे खाल्ल्याने काय होते?” असा आग्रह करावा का? आपण तो प्रेमाने करतो. पण त्यामुळे त्या लेकराला देवाची आज्ञा की काकूंचे मन, यांतून एक निवडावे लागते. संत पौल रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात बजावतो, की अन्नावरून दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लावू नये.

नाझरेथच्या घरी पवित्र मरियेने याच नियमांनी स्वयंपाक केला. प्रभू येशू त्याच अन्नावर वाढला, हे आपल्या मुलांनाही सांगा.

आपला,
धर्मगुरू