माळरानाचे जतन आणि गावोगावचे सहकार्य

भिगवणचे नाव निघताच उजनी धरणाचा जलफुगवटा व तेथे उतरणारे रोहित पक्षी आठवतात. परंतु पाण्यापासून थोडे दूर गेले की उथळ, मुरमाड जमिनीचा माळ लागतो. कडबनवाडी, शिरसुफळ, सुपे या बाजूचा असा माळ ‘पडीक’ समजण्याची रीत जुनी आहे. नांगराच्या दृष्टीने ते खरे असेल. चाऱ्याच्या दृष्टीने मुळीच नव्हे.

सुमारे ५०० मिलिमीटर पावसाच्या या भागात गवत हेच जमिनीचे खरे आच्छादन होय. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते आणि मधून मधून बोर, हिवर, तरवड, एवढ्यावर चिंकारा, ससा, खोकड व लांडगा यांचा निर्वाह चालतो, धनगरांच्या मेंढ्यांचाही. चिंकाऱ्यासाठी सुप्यानजीक १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले, पण त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे. लांडग्यांचा एक कळप याहून कितीतरी मोठ्या मुलखात फिरतो. मेंढपाळाचा वाडाही आज बारामती तालुक्यात, तर काही दिवसांनी इंदापुरात असतो.

माळाचे मालक मात्र अनेक. काही भाग वनखात्याचा, काही गायरान, काही खाजगी. एका गावाने गवत राखावे आणि शेजारच्या हद्दीत कोणी वाळला पाला पेटवावा, म्हणजे दोन्हीकडील चारा एका दुपारी नष्ट होतो. यास्तव लगतच्या ग्रामपंचायतींनी उन्हाळ्यापूर्वी वनरक्षकासमवेत एकत्र बसून जाळरेषा कोठून काढावयाच्या हे ठरविणे अगत्याचे आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी या बैठकीस मेंढपाळांना अवश्य बोलवावे. माळाची खडानखडा माहिती त्यांनाच असते, आणि नेमके तेच बहुधा वगळले जातात.

लांडग्याने मेंढी मारली तर नुकसान एकट्या मेंढपाळाचे होते, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. अशा वेळी मृत जनावर जागेवरून न हलविता वनखात्यास त्वरित कळवावे, म्हणजे पंचनामा होऊन भरपाई मागता येते. रागाच्या भरात मृत जनावरावर विष टाकल्यास लांडग्याबरोबर राखणीची कुत्रीही मरतात, शिवाय तो वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरतो.

मोकाट कुत्र्यांचा उपद्रव याहून कमी लेखला जातो. ती चिंकाऱ्यास पळवून पळवून मारतात व रोग पसरवितात. पुण्याच्या परिसरात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीने २०२३ साली सिद्ध झाले. कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण एका गावात करून उपयोग नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने लगतच्या सर्व गावांत ते एकाच सुमारास व्हावे.

वृक्षारोपणाविषयीही एक सूचना. पूर्वी अशा माळांवर गिरिपुष्प लावण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु दाट सावलीत गवत खुरटते आणि उघड्यावर राहणारे प्राणी तेथून हटतात. झाडे लावावयाची तर गावठाण, बांध व रस्त्याच्या कडा मोकळ्या आहेत. माळावर बोर, हिवर आपोआप उगवतात, तेवढे पुरे.

गवताची कापणी बी पक्व होऊन झडू लागल्यावर करावी. दरवर्षी एक पट्टा न कापता राखावा व पुढील वर्षी तो बदलावा. कोणता पट्टा राखावयाचा, हे लगतच्या गावांनी पावसाळा संपण्यापूर्वी ठरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे.