प्लॅनमध्ये काळी माती नसते

आमचं घर नेवासे तालुक्यात, मुळा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात. प्लॅन तयार मिळाला: तीस बाय चाळीस, दोन बेडरूम, दार पूर्वेला, अंगणात तुळससुद्धा काढलेली. पाया चार फूट. आमच्या रानात चार फुटांवर काळी मातीच असते, मुरूम त्याच्याही खाली.

पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली, रुपयाचं नाणं उभं बसेल एवढी. पावसाळ्यात ती निम्मी मिटली, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. रंगारी दरवर्षी पुट्टी भरून पैसे घेऊन जातो. दोष पुट्टीचा नाहीच. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. घराच्या कडेची आधी वाळते, मधली ओल धरून राहते. कडेची भिंत खचते आणि चीर पडते. भिंतीला लागून लिंब असेल तर तो ओल आणखी ओढतो.

यावर उपाय आहेत. पाया मुरमापर्यंत न्यावा. थर फारच खोल असेल तर अंडररीम पाइल घ्यावेत. खाली कंदासारखा फुगवटा असलेले हे खांब अशा मातीत कामाला येतात. घराभोवती बाहेर उताराची फरशी करावी, पाणी पायाशी मुरू देऊ नये. पण हे ठरवायला इंजिनिअर प्लॉटवर यावा लागतो, आणि तयार प्लॅनवाल्याने तुमचा प्लॉट पाहिलेलाच नसतो.

मातीसारखंच हवामानाचं. आमच्या एकाच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या घाटघरला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात आणि कर्जत-जामखेडला पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात. दोन्हीकडे तोच सपाट स्लॅब, तोच वीतभर छज्जा? जुन्या माळवदाच्या घरात दुपारी झोप लागायची. आमची पश्चिमेची बेडरूम रात्री अकरापर्यंत तापलेली असते.

आणि शेतकऱ्याच्या घरात कांद्याच्या गोण्या, फवारणीचा पंप, मोटारीचा स्टार्टर कुठे ठेवायचा? प्लॅनमध्ये यांच्या जागी डायनिंग टेबल होतं. त्यावर आम्ही खताच्या पिशव्या ठेवतो.

घर बांधणार असाल तर जोत्याची उंची समोरच्या रस्त्यावरून धरा, तीही जास्तीची, कारण डांबराच्या प्रत्येक थराबरोबर रस्ता चढतो. प्लॅनचे पैसे देण्याआधी प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या, इंजिनिअरला दाखवा. हे काम मे महिन्यातच करा. पाऊस सुरू झाला की काळ्या रानात खड्डा पाण्याने भरतो आणि मुरूम दिसत नाही.