किल्ल्यावरचे गवत
(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

दिवाळीच्या किल्ल्यावर गवत कसे लावावे, हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकांकात यावा काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. किल्ला हा लहान मुलांचा खेळ, आणि गवत ही तर त्याहून क्षुल्लक वस्तू! परंतु भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आपण ज्याला 'प्रमाण' म्हणतो, त्याचा खरा कस नकाशापेक्षा किल्ल्यावर लागतो, असे मला गेली तीन वर्षे धाकट्या भावाबरोबर किल्ला करताना वाटत आले आहे. त्यातही डोंगर, तट, बुरूज हे कसेही जमतात. अडते ते गवतापाशी.

दसरा झाला की आपल्याकडे गल्लोगल्ली दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांची जमवाजमव सुरू होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले व एक, जिंजी, तमिळनाडूतला. यामुळे पोरांना किल्ल्यांची नावे पाठ झाली हे खरे. पण आमच्या कोल्हारच्या दृष्टीने जवळचा किल्ला या यादीत नाही. तो म्हणजे रतनगड. ज्या प्रवरेच्या काठी आपले गाव वसले आहे, ती याच गडाच्या कुशीत उगम पावते. म्हणून आम्ही रतनगड करायचे ठरविले.

मोठ्या संग्रहालयांतून जे देखावे मांडलेले असतात, त्यांचे शास्त्र याच कामाचे थोरले भावंड होय. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात लोकजीवनाचे मातीचे लहान देखावे आहेत. अमेरिकेत कार्ल एकली या गृहस्थांनी १८९० च्या सुमारास मिलवॉकीच्या संग्रहालयात प्राण्यांचा देखावा त्यांच्या नैसर्गिक परिसरासह उभा केला. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या नावाचे आफ्रिकन प्राण्यांचे दालन १९३६ मध्ये उघडले. अशा देखाव्यांत प्राण्याइतकेच कष्ट त्याच्या पायाखालच्या पानाफुलांवर घेतात. मेणाची पाने एकेक करून करतात. कारण पाहणाऱ्याचा डोळा सिंहाला फसतो, पण गवताला फसत नाही. सिंह फार थोड्यांनी जवळून पाहिलेला असतो, गवत मात्र प्रत्येकाने.

आता प्रमाणाकडे वळू. कुंभाराकडून आणलेला मातीचा मावळा साधारण दहा सेंटिमीटर उंच असतो. खरा माणूस एकशे पासष्ट धरला, तर हे प्रमाण जवळजवळ एकास सोळा झाले. डोंगरउतारावरचे पक्व गवत ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे कमरेइतके असते. सोळाने भागले की पाच सेंटिमीटर. मावळ्यापाशी गवत पाच सेंटिमीटरच हवे. परंतु याच प्रमाणात रतनगड करू गेल्यास आमचे अंगण, शेजाऱ्यांचे अंगण आणि मधला रस्ता एवढी जागाही पुरणार नाही! गड लहान आणि मावळा मोठा, ही दिवाळीच्या किल्ल्याची जन्मजात अडचण आहे. तिच्यावर उपाय एकच. पायथ्याशी, जेथे मावळे उभे असतात, तेथे गवत पाच सेंटिमीटरचे उंच ठेवावे. मधल्या टप्प्यावर दीड-दोन सेंटिमीटरचे व बारीक तंतूंचे. आणि माथ्याजवळ गवताऐवजी नुसता रंगविलेला लाकडाचा भुसा भुरभुरावा. उंची अशी पायरीपायरीने कमी होत गेली की डोळा त्याला अंतर समजतो आणि चार फुटांचा ढिगारा डोंगर भासू लागतो.

आपल्या पोरांचे आवडते गवत म्हणजे आळीव. भिजवलेल्या आळिवाला बुळबुळीत चिकटा सुटतो, त्यामुळे बी उभ्या उतारावरही धरून राहते. दोन-तीन दिवसांत अंकुर दिसतो आणि आठ-दहा दिवसांत पाच-सहा सेंटिमीटर वाढ होते. उंचीच्या हिशेबात आळीव पायथ्याशी अगदी बरोबर बसते. चूक आहे ती पानात. त्याचे अर्ध्या सेंटिमीटरचे पसरट पान सोळापट केले की आठ सेंटिमीटर होते, आणि असे पान गवताला नसते, झुडपाला असते. म्हणून आळिवाचा उपयोग मी घेऱ्यातील झाडीसाठी करते, गवतासाठी नाही. गव्हाचे उलट. घटस्थापनेला गहू पेरण्याची रीत घरोघर असल्याने तो किती दिवसांत किती वाढतो, हे कोणाला शिकवावे लागत नाही. त्याचे चार मिलिमीटरचे पाते सोळापट केल्यास सहा सेंटिमीटरच्या वर जाते आणि बारा सेंटिमीटरची उंची जवळपास दोन मीटर होते. हे डोंगरातले गवत नव्हे. हा तर ऊस! आमच्या भावाने किल्ल्याच्या खाली गव्हाचे चौकोनी वाफे करून त्यांत पाट काढला, तेव्हा पाहणाऱ्यांनी न सांगता "हा उसाचा फड" म्हणून ओळखले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ऊस हेही गवताच्याच कुळातले आहे, हे जाता जाता सांगते.

खऱ्या उंच गवतासाठी मात्र वाळलेला तंतू पाहिजे. परदेशातील छंदकरी नायलॉनचे दोन ते बारा मिलिमीटर लांबीचे तंतू वापरतात. चाळणीसारख्या उपकरणातून त्यांना विद्युतभार देतात; सर्व तंतूंवर सारखाच भार असल्याने ते एकमेकांपासून दूर सरतात आणि गोंद लावलेल्या जमिनीवर ताठ उभे राहतात. केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उभे राहतात, त्यातलाच हा प्रकार. युक्ती सुंदर आहे, पण ते उपकरण विकत घेणे आपल्याला परवडणारे नाही आणि घरी जोडण्याच्या भानगडीत कोणी पडूही नये.

आपल्याकडे त्यापेक्षा चांगली वस्तू बांधावर उभी आहे. ती म्हणजे केकताड, ज्याला पुस्तकात घायपात म्हणतात. आमचे आजोबा केकताडाच्या आणि अंबाडीच्या वाखाचे दोर वळीत. नायलॉनची दोरी आली आणि ते काम थांबले. पण कृती घरात माहीत होती. केकताडाचे जून पान काटे तासून घ्यावे, ठेचावे, आणि पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवावे. त्याचा रस अंगाला लागल्यास खाज सुटते, म्हणून हातांना आधी खोबरेल लावावे. वास येऊ लागला की पान मोगरीने बडवून वाहत्या पाण्यात धुवावे. गर निघून जातो व पांढरट-पिवळा, ताठ वाख हाती येतो. सुतळी उलगडूनही तंतू मिळतात, पण ते मऊ पडतात आणि गवत झोपल्यासारखे दिसते. नारळाचा काथ्या ताठ असतो, पण फार जाड. वाखाला तोड नाही.

रंगाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सर्वांत जास्त वाद येथेच होतो. बहुतेकांना किल्ला हिरवागार हवा असतो. पण दिवाळी येते आश्विन-कार्तिकात. तोपर्यंत पाऊस सरलेला असतो, गवत फुलून पिकलेले असते, आणि सह्याद्रीचा उतार सोनेरी-तांबूस झालेला असतो. हिरवेपणा उरतो तो बुडाशी आणि ओहोळाच्या कडेला. म्हणून मी वाखाचे चार भाग करते. तीन भाग चहाच्या चोथ्याच्या पाण्यात उकळून काढते. त्यातून पिवळसर-तपकिरी छटा येते. एक भाग कापड रंगवायच्या हिरव्या रंगात, तोही फिका करून. हळदीचा रंग प्रथम फार खुलतो, पण उन्हात चार दिवसांत उडतो. रंगविण्यापूर्वी वाख तुरटीच्या पाण्यात भिजवून घेतल्यास रंग धरतो, आणि दुसरा लाभ असा की वाळलेला तंतू चटकन पेट घेत नाही. किल्ल्याशेजारीच फुलबाज्या आणि भुईनळे उडत असतात, तेव्हा ही काळजी घेतलेली बरी.

रंगवलेले तंतू वाळल्यावर कालवून घ्यावेत. मग पंधरा-वीस तंतूंची जुडी करून तिचे बूड फेव्हिकॉलमध्ये बुडवावे आणि प्लॅस्टिकच्या कागदावर उभी टेकवून वाळू द्यावी. वाळली की जुडी कागदापासून सुटते. शेंडे कात्रीने सरळ रेषेत कापू नयेत. तिरपे, खालीवर कापावेत. मातीत दाभणाने भोक पाडून जुडी रोवावी व बोटांनी थोडी फाकवावी. जुड्यांमध्ये जागा सोडावी. डोंगरातले गवत सतरंजीसारखे नसते. ते ठोंबाठोंबांनी वाढते, मध्ये माती दिसते, गुरांच्या पायवाटा दिसतात. ओढ्याकाठी फूलझाडूचे तुरे तोडून लावले की ती लव्हाळी वाटतात.

कोठे लावावे, याचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकातच आहे. दख्खनचा पठारी प्रदेश लाव्हाच्या आडव्या थरांनी बनला आहे. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे असतात: उभा कातळकडा, मग सपाट पट्टी, पुन्हा कडा. माती साठते ती पट्टीवर, कड्यावर नाही. तेव्हा गवत पट्टीवर दाट आणि कड्यावर अजिबात नाही, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे काम झाले. दुसरे पथ्य इतिहासाचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडाच्या व्यवस्थेचे प्रकरण आहे. तटात उगवणारी झाडे वरचेवर काढावीत आणि तटालगतचे गवत जाळून टाकावे, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. कारण उघड आहे. कमरेइतक्या गवतातून शत्रू तटाला येऊन भिडला तरी पहारेकऱ्याला दिसायचा नाही. म्हणून नांदत्या गडाचा देखावा करायचा असेल, तर तटाखाली काळपट, मोकळा पट्टा सोडावा. आजचा, ओस पडलेला गड दाखवायचा असेल तर तटाच्या फटींतूनही गवत बाहेर काढावे. दोन्ही एकाच किल्ल्यावर करता येत नाही, हे भावाला पटविण्यास मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

नमुन्यासाठी खरे गवत पाहावे म्हणून मी आईबरोबर बांधाने हिंडले. आई शाळेत गेलेली नाही. पण जनावरांसाठी गवत कापण्यात तिचे आयुष्य गेले आहे. मला सगळे गवत एकसारखेच दिसत होते. ती म्हणाली, "अगं, नुसतं पाहून काय कळतंय? पेराला हात लाव. लव लागली का मारवेल." खरोखरच मारवेलीच्या पेरावर पांढऱ्या केसांचे कडे असते, आपल्या ग्रंथालयातील पुस्तकातही तिची हीच खूण दिली आहे. कुसळीची ओळख तर साडीलाच पटते. तिची कुसळे लांब, तांबूस आणि एकमेकांत पीळ घालून बसलेली असतात. मला वाटले, ही आयती चार-पाच सेंटिमीटरची काडी किल्ल्यावर का लावू नये? आई हसली व तिने एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर थुंकी लावली. ते सरसर फिरू लागले! ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि असे फिरत फिरत बी जमिनीत घुसते. दिवाळीच्या पहाटेच्या दवात अंगणातले सगळे गवत वळवळले असते. तेव्हा कुसळ हे घरात ठेवायच्या देखाव्यासाठीच योग्य.

मारवेल शोधायला आम्हांला बरेच हिंडावे लागले. आईच्या सांगण्याप्रमाणे ती सासरी आली तेव्हा गायरानात ती गुडघाभर असे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि कालव्याच्या पाण्यावर आपल्या भागात जिकडेतिकडे ऊस उभा राहिला. त्या उसाच्या पैशावर आमच्यासारख्या घरांतली मुले महाविद्यालयात आली, हे मी विसरत नाही. परंतु गवताळ रानाला सरकारी कागदात 'पडीक' म्हणतात, ते मात्र मला खटकते. आपल्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य करावे लागले. काळवीट राहतो तो अशाच 'पडीक' रानात.

गेल्या दिवाळीत आमचा रतनगड एका स्पर्धेत होता. परीक्षकांनी विचारले, "पाणी घातलं नाही का? गवत वाळलंय." भावाने महिना, पाऊस, कुसळ सगळे सांगून पाहिले. बक्षीस आळिवाने झाकलेल्या एका किल्ल्याला गेले. तो किल्ला देखणा होता, यात शंका नाही. पण त्यावरचा हिरवा रंग श्रावणातला होता आणि आकाशकंदील कार्तिकातला. भाऊ दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारे मेंढपाळ किल्ला पाहून गेले. ते पावसाळ्यात अकोल्याच्या बाजूला मेंढरे नेत असत. त्यांनी मधल्या पट्टीकडे बोट दाखवून "इथं चारा चांगला आहे" एवढेच म्हटले. भावाचा रुसवा तेव्हा गेला.

वाखाच्या जुड्यांचा एक फायदा असा की त्या मरत नाहीत. दिवाळीनंतर त्या उपटून बुटांच्या खोक्यात ठेवल्या आहेत. यंदा आमच्या वर्गाने प्रवरा खोऱ्याची प्रतिकृती करायला घेतली आहे. नदीची लांबी सुमारे दोनशे किलोमीटर. एकास एक लाख या प्रमाणात ती दोन मीटर होईल. या प्रमाणात गवताची खरी उंची केसाच्या जाडीइतकीही येणार नाही. तेव्हा तेथे जुडी ही नकाशातल्या खुणेसारखी वापरायची. उगमाकडे, जेथे पाऊस धो धो पडतो, तेथे दाट; संगमनेरकडे विरळ; कोल्हारपाशी उसाच्या फडांची चौकट; आणि पुढे प्रवरासंगमापर्यंत काठाने थोडी लव्हाळी. मोजदाद केली तेव्हा खोक्यात एकशे चाळीस जुड्या निघाल्या. अकोल्याच्या भागालाच दोनशे लागतील. केकताडाची पाने परवा डोणीत बुडवून ठेवली आहेत.